त्साओ त्साओचे नाव काढले की...

आपण एखाद्याबद्दल बोलत असतो आणि नेमका तोच दारात येऊन उभा राहतो. अशा वेळी आपल्याकडे म्हणतात, "शंभर वर्षे आयुष्य आहे हो तुम्हाला!" चिनी माणूस याच प्रसंगी म्हणतो, त्साओ त्साओचे नाव काढले आणि त्साओ त्साओ हजर. हा त्साओ त्साओ म्हणजे इसवी सन १५५ मध्ये जन्मलेला आणि २२० मध्ये वारलेला एक सेनापती. शंभर सोडाच, अठराशे वर्षांचे आयुष्य त्याला मिळाले आहे. जीली या चिनी मोटार कंपनीने २०१५ मध्ये मोबाइलवरून टॅक्सी बोलावण्याची सेवा सुरू केली, तिला नाव दिले त्साओ त्साओ. नाव काढा, गाडी हजर!

गंमत अशी की, हा काही लोकांचा लाडका वीर नव्हे. शेकडो वर्षे चिनी रंगभूमीवर तो कपटी, निर्दय, राजद्रोही म्हणून उभा राहिला आहे. पेकिंग ऑपेरात त्याच्या तोंडाला चुन्यासारखा पांढरा रंग फासतात. आपल्या काल्यात संकासुर आला की मांडावर बसलेल्या पोरांना जसे कोणी सांगावे लागत नाही, तसे तिथे पांढरे तोंड दिसले की प्रेक्षकाला कळते, घात होणार. अशा माणसाच्या नावाने लोक आता टॅक्सी बोलावतात, त्याच्या थडग्यावर रांगा लावतात. हे कसे झाले याचा मी मिळेल तसा मागोवा घेतला, तेव्हा त्याच्या चरित्रापेक्षाही त्याच्या कीर्तीचे चरित्र मला अधिक विलक्षण वाटले. (चिनी नावे मराठीत अचूक लिहिणे कठीण. कानाला जशी लागतात तशी लिहिली आहेत.)

आधी थोडक्यात माणूस. आजच्या आनह्वेई प्रांतातल्या पोचौ गावचा तो. त्याचा बाप हान सम्राटांच्या दरबारातील एका बड्या खोजाचा दत्तक मुलगा होता, म्हणजे घरात पैसा होता, पण खानदानी सरदार नाक मुरडत. १८४ मध्ये पिवळे फेटे बांधलेल्या शेतकऱ्यांचे प्रचंड बंड झाले आणि चारशे वर्षे टिकलेले हान साम्राज्य खिळखिळे झाले. जो तो सरदार आपापला मुलूख धरून बसला. त्साओ त्साओने १९६ मध्ये भटकत असलेल्या तरुण सम्राटाला आपल्या छावणीत, शूछांगला आणून ठेवले. त्या दिवसापासून त्याचा प्रत्येक हुकूम सम्राटाच्या नावाने निघू लागला. सातारचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे ही जोडी माहीत असलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था फार समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी त्याने दुसरे एक काम केले, आणि माझ्या मते त्याच्या यशाचे खरे मूळ तिथे आहे. युद्धांनी ओस पडलेल्या जमिनीवर त्याने निर्वासितांना आणि सैनिकांना बसवले. बैल सरकारचे असले तर पिकाचे सहा वाटे सरकारला आणि चार कुळाला, बैल स्वतःचे असले तर अर्धेली. बाकीचे सरदार लूट संपली की उपाशी मरत, याची कोठारे भरलेली. २०० साली ग्वानतू येथे युआन शाओ या आपल्याहून कितीतरी बलाढ्य सरदाराशी त्याची गाठ पडली, तेव्हाही निकाल लागला तो धान्यावरच. शत्रूची रसद वूछाओ नावाच्या ठिकाणी साठवलेली आहे अशी बातमी फितुराकडून मिळताच तो रातोरात स्वतः गेला आणि ती जाळून आला. विजयानंतर शत्रूच्या छावणीत पत्रांचा गठ्ठा सापडला. त्याच्याच माणसांनी, आपली बाजू पडती आहे असे समजून, युआन शाओशी गुपचूप संधान बांधल्याची ती पत्रे होती. त्याने ती न वाचता जाळून टाकली. मला स्वतःलाच टिकाव लागेल की नाही याची खात्री नव्हती, मग इतरांची काय कथा, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला म्हणतात. कपटी माणसाला हे सुचते का? की कपटी माणसालाच हे सुचते? चिनी लोक या प्रश्नावर अजून भांडतात.

२०८ मध्ये दक्षिण जिंकायला तो यांगत्सेवर उतरला आणि 'लाल कड्या'पाशी सुन च्वान आणि ल्यू बेई यांच्या एकत्र फौजेने त्याची जहाजे जाळली. चीन तिघांत वाटला गेला तो तिथून. पुढे तो वेईचा राजा झाला, पण सम्राटाच्या गादीवर स्वतः बसला नाही. तो मेला त्याच वर्षी त्याचा मुलगा त्साओ फी याने ते काम उरकले आणि बापाला मरणोत्तर सम्राटपद बहाल केले.

आता त्याच्या अपकीर्तीकडे वळू. त्याच्या नावावरचे सगळ्यात प्रसिद्ध पाप असे आहे. तरुणपणी एका जुलमी सरदाराच्या तावडीतून पळताना तो ओळखीच्या ल्यू पोशे याच्या घरी उतरला. रात्री सुऱ्यांचा आवाज ऐकला, हे आपल्याला मारणार असे वाटले, आणि त्याने सारे घर कापून काढले. पुढे पाहतो तर ते लोक पाहुण्यासाठी डुक्कर मारायच्या तयारीत होते. मग तो म्हणतो की जगाने माझा घात करण्यापेक्षा मी जगाचा घात केलेला बरा. चीनमध्ये हे वाक्य माहीत नाही असा माणूस विरळा.

हा प्रसंग जुन्या साधनांत शोधला तर काय सापडते? अधिकृत इतिहासकार चेन शौ (२३३ ते २९७) याने आपल्या तीन राज्यांच्या इतिहासात तो दिलेलाच नाही. ४२९ मध्ये पेई सोंगच या विद्वानाने त्या ग्रंथावर टीपा लिहिल्या, तेव्हा त्याने या घटनेच्या तीन वेगवेगळ्या हकिकती शेजारी शेजारी नोंदवल्या. पहिलीत यजमानाची मुलेच त्साओ त्साओला लुटायला उठली आणि त्याने स्वसंरक्षणार्थ तलवार उपसली. दुसरीत त्याने संशयावरून आठ जणांना मारले. तिसरीत भांड्यांच्या आवाजाने घाबरून मारले, आणि मग खिन्न होऊन, इतरांनी माझा घात करावा त्यापेक्षा माझ्या हातून इतरांचा झालेला बरा, अशा अर्थाचे तो बोलला. मूळ मजकुरात तो 'खिन्न होऊन' हा शब्द आहे. हजारएक वर्षांनी ही गोष्ट कादंबरीत शिरली तेव्हा तो शब्द गळाला आणि 'इतरांनी' या शब्दाच्या जागी 'साऱ्या जगाने' आले. घाबरट, चुकलेल्या तरुणाचा हुंकार होता, त्याचे राक्षसाचे घोषवाक्य झाले. आपल्याकडे आनंदीबाईच्या नावावर 'ध'चा 'मा' आहे. इथे चक्क इतिहासाच्या कागदावर कोणीतरी 'ध'चा 'मा' केला.

कोणी केला, याला एका माणसाचे नाव देता येत नाही. तो काळाने केला. चेन शौ ज्या जिन घराण्याचा चाकर होता, त्या घराण्याने गादी घेतली होती ती वेईकडून. त्यामुळे वेई खोटे ठरवले तर आपलेही धनी खोटे ठरणार. तेव्हा त्याच्या ग्रंथात वेई हेच खरे राज्य आणि त्साओ त्साओ हा त्याचा असामान्य संस्थापक. सातशे-आठशे वर्षे विद्वानांचा कल साधारण असाच राहिला. १०८४ साली पुऱ्या झालेल्या सिमा ग्वांगच्या मोठ्या इतिहासातही कालगणना वेईच्याच राजांप्रमाणे आहे. पण बाजारातल्या कथेकऱ्यांचे जग निराळे होते. अकराव्या शतकातला कवी सू शी याने एक नोंद करून ठेवली आहे: पोरे घरात त्रास देऊ लागली की आईबाप हातावर पैसे टेकवून त्यांना गोष्टी ऐकायला पाठवत. ल्यू बेई हरला की मुलांच्या डोळ्यांत पाणी येई आणि त्साओ त्साओ हरला की ती उड्या मारत. म्हणजे पंडितांच्या आधी पोरांनी निकाल दिलेला होता.

पंडितही लवकरच पोरांच्या बाजूला गेले, आणि त्याचे कारण होते राजकारण. ११२७ मध्ये सुंग घराण्याने उत्तर चीन जुर्चेन आक्रमकांना गमावला आणि दरबार दक्षिणेला पळाला. आता उत्तरेचा बलदंड सत्ताधारी त्साओ त्साओ हा डोळ्यांपुढच्या शत्रूसारखा दिसू लागला, आणि कोपऱ्यात ढकललेला पण हान वंशाचा वारस म्हणवणारा ल्यू बेई आपल्यासारखा. चू शी या तत्त्वज्ञाने बाराव्या शतकात खरे राज्य ल्यू बेईचेच असा निवाडा दिला. चौदाव्या शतकातील ल्वो ग्वानचोंगच्या नावावर असलेली 'तीन राज्यांची कथा' ही कादंबरी या वातावरणातून आली. सतराव्या शतकात माओ लुन आणि माओ त्सोंगकांग या बापलेकांनी तिची १२० प्रकरणांची आवृत्ती काढली, तेव्हा त्साओ त्साओबद्दलचे जे थोडेफार बरे शब्द राहिले होते त्यांनाही कात्री लागली. आज चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाममध्ये जी वाचतात ती मुख्यतः हीच.

एक तिरपा धागा गोव्यापर्यंत येतो तोही सांगून टाकतो. याच कादंबरीतला ग्वान यू हा ल्यू बेईचा निष्ठावान सरदार २०० साली त्साओ त्साओच्या हाती लागला होता. त्साओ त्साओने त्याला मानाने वागवले आणि तो जुन्या धन्याकडे परत निघाला तेव्हा पाठलाग न करता जाऊ दिले. कैदी पुढे देव झाला. १८४४ पर्यंत गोव्याच्या सरकारच्या अखत्यारीत असलेल्या मकाव शहरात बाजाराच्या ऐन मध्यावर त्याचे देऊळ आहे, २००५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या वास्तूंत ते मोडते. सोडून देणाऱ्याच्या वाट्याला मात्र पांढरा रंग आला.

इथपर्यंत वाचून वाटेल की बिचाऱ्यावर अन्यायच झाला. मलाही तसे वाटू लागले होते. पण मग शूचौची हकिकत वाचावी.

१९३ च्या सुमारास त्साओ त्साओच्या बापाचा शूचौ प्रांताच्या हद्दीवर खून झाला. प्रांताधिकारी थाओ छ्येन याला जबाबदार धरून त्साओ त्साओने त्या प्रांतावर दोन मोहिमा काढल्या. थाओ छ्येनच्या चरित्रात चेन शौ लिहितो की मेलेले लोक हजारांनी, दहा-दहा हजारांनी मोजावे लागले आणि प्रेतांनी स नदीचे पाणी अडले. नंतरच्या एका इतिहासात आकडा लाखांच्या घरात जातो आणि गावांत कोंबडे-कुत्रेही उरले नाही असे म्हटले आहे. आकडे फुगवलेले असतील, जुन्या इतिहासात ते नेहमीच फुगलेले असतात. पण कत्तल झाली याविषयी शंकेला जागा नाही. त्साओ त्साओच्या स्वतःच्या चरित्रात, म्हणजे जिथे त्याचा मान राखणे भाग होते तिथेही, तो जिथून गेला तिथे फार कापाकापी झाली एवढी ओळ चेन शौने ठेवलीच. त्या प्रांतातला एक लहान मुलगा काकाबरोबर दक्षिणेला गेला. तो मोठेपणी ल्यू बेईचा मंत्री आणि त्साओ घराण्याचा आजन्म शत्रू झाला, चुगे ल्यांग त्याचे नाव.

मला खटकते ते हे. ज्याची खात्री देता येत नाही त्या एका घरातल्या आठ जणांच्या खुनाने तो अजरामर झाला, आणि जी कत्तल त्याच्या बाजूचा इतिहासकारही लपवू शकला नाही ती लोकांच्या तोंडी तितकीशी नाही. कादंबरीत शूचौ आहे, नाही असे नव्हे. पण रंगभूमीला हवा असतो एक पाहुणा, एक यजमान, एक सुरी आणि एक खटकेबाज वाक्य. नदी अडवणाऱ्या बेनाव प्रेतांचे नाटक होत नाही.

विसाव्या शतकात वारे फिरले. १९२७ मध्ये लू शुनने एका व्याख्यानात, त्साओ त्साओ म्हटले की आपल्याला नाटकातले रंगवलेले तोंड आठवते, पण तो फार कर्तबगार माणूस होता, असे बजावले. माओ त्सेतुंग त्याच्या कवितांचा चाहता होता. १९५४ मध्ये समुद्रकिनारी लिहिलेल्या स्वतःच्या कवितेत त्याने त्याची आठवण काढली आहे. मग १९५९ मध्ये इतिहासकार आणि नाटककार क्वो मोरो याने त्साओ त्साओवरचा जुना निकाल फिरवावा म्हणून जाहीर लेख लिहिला, 'त्साई वेनची' हे नाटकही आणले. हूणांसारख्या भटक्या टोळ्यांत बारा वर्षे अडकलेल्या एका विदुषीला त्साओ त्साओने द्रव्य देऊन सोडवून आणले, या खऱ्या घटनेवर ते बेतलेले आहे. (बापाच्या नष्ट झालेल्या ग्रंथसंग्रहातले चारशेवर लेख तिने आठवणीतून लिहून काढले म्हणतात.) देशभर वाद पेटला. क्वोची बाजू बरीच बरोबर होती: शेती, प्रशासन, काव्य, साऱ्यांत हा माणूस मोठा. पण शूचौपाशी येताच त्यानेही हकिकती कशा अतिशयोक्त आहेत हेच पटवायला घेतले. खलपुरुष करणाऱ्यांनी ते प्रेतांचे पाणी बाजूला ठेवले आणि थोर पुरुष करणाऱ्यांनीही.

स्वतः त्साओ त्साओने तेवढे केले नव्हते. रणांगणावर उघडी पडलेली हाडे आणि कोसच्या कोस कोंबडा न आरवणारा मुलूख यांवर त्याची एक कविता आहे. शूचौवर नव्हे, आपल्या आधीच्या एका अपेशी मोहिमेवर. तरी ज्याने हाडे पाहिली होती आणि पुढे स्वतः पाडली, त्याच्या हातची ती आहे. त्याच्या साऱ्या कीर्तीत मला ही कविता सर्वांत खरी वाटते.

आता हत्तीची गोष्ट. त्साओ त्साओचा त्साओ छोंग हा मुलगा फार हुशार. सुन च्वानने भेट पाठवलेल्या हत्तीचे वजन कसे करावे हे दरबारात कोणाला सुचेना. पाच-सहा वर्षांचा छोंग म्हणाला, हत्ती नावेत चढवा, पाणी कुठवर आले तिथे खूण करा, मग हत्ती उतरवून खुणेपर्यंत दगड भरा आणि ते तोला. चिनी शाळांच्या पुस्तकांत हा धडा असतो. मराठी वाचक लगेच म्हणेल, अहो ही तर आमची तुळापूरची गोष्ट! भीमा-इंद्रायणीच्या संगमावर आदिलशाही सरदार मुरार जगदेवाला हत्तीची तुला करायची होती आणि शहाजीराजांनी नावेची युक्ती सांगितली, त्यावरून गावाला तुळापूर नाव पडले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. १९३० मध्ये चेन यिनख या संस्कृत जाणणाऱ्या चिनी इतिहासकाराने दाखवून दिले की ही युक्ती एका भारतीय बौद्ध कथासंग्रहात आहे, त्याचे चिनी भाषांतर ४७२ मधले. त्या कथेत म्हाताऱ्यांना टाकून देण्याची चाल असलेल्या एका देशावर कोडी घालणारा देव येतो आणि मुलाने लपवून ठेवलेला म्हातारा बाप ती सोडवतो. भाषांतराच्या आधीच ही गोष्ट तोंडातोंडी चीनला पोचली आणि छोंगला चिकटली, असे चेनचे म्हणणे. शंकेला आणखी एक कारण आहे: ज्या दक्षिणेत हत्ती होते तिथे सुन च्वानचा अंमल २१० च्या सुमारास पोचला, आणि छोंग २०८ मध्येच, तेरा वर्षांचा होऊन वारला. एकच हत्ती एका बाजूला त्साओ त्साओच्या दरबारात आणि दुसऱ्या बाजूला तुळापूरच्या डोहात उतरला, आणि दोन्हीकडे तो इतिहास म्हणून शिकवला जातो.

त्याच लेखात चेन यिनखने ह्वा थ्वो या वैद्याचाही विषय घेतला. चीनचा हा धन्वंतरी त्साओ त्साओच्याच गावचा. त्याचे नाव संस्कृत 'अगद', म्हणजे औषध, यावरून आले असावे असा चेनचा तर्क. त्साओ त्साओला आयुष्यभर भयंकर डोकेदुखी होती आणि ह्वा थ्वोने सुया टोचल्या की ती थांबे. पण वैद्याला दरबारी चाकरी नको होती. बायको आजारी आहे असे सांगून तो घरी गेला आणि परत येईना. त्साओ त्साओने माणसे पाठवून चौकशी केली, बायको ठणठणीत निघाली. वैद्याला तुरुंगात घालून मारले. मरण्याआधी त्याने आपला ग्रंथ तुरुंगाच्या रखवालदाराला देऊ केला. तो घ्यायला घाबरला, तेव्हा त्याने तो जाळला. पुढे छोंग अंथरुणाला खिळला तेव्हा, आपण ह्वा थ्वोला उगीच मारले, असे त्साओ त्साओ म्हणाल्याची नोंद चेन शौनेच केली आहे.

मरताना त्याने दिलेल्या सूचना साध्या आहेत. थडग्यात सोनेमोती ठेवू नका, सैनिकांनी आपली ठाणी सोडू नयेत, उरलेली उदबत्ती बायकांना वाटून द्या, त्यांना काम नसेल तर त्यांनी चपला करून विकायला शिकावे. जमिनीवर मातीचा ढीग नको, झाडे नकोत. त्यातून लोकांनी गोष्ट रचली की या लबाडाने बहात्तर खोटी थडगी बांधवली. डिसेंबर २००९ मध्ये हनान प्रांतातल्या आन्यांगजवळ शीकाओश्वे गावी सापडलेले थडगे त्याचे असल्याचे जाहीर झाले, तेव्हा बराच काळ कोणाचा विश्वास बसेना. ज्याने आयुष्यभर फसवले तो मेल्यावर खरे बोलेल कशाला! चोरांनी थडगे आधीच अनेकदा फोडले होते, पण कोरीव दगडी पाट्या उरल्या होत्या. वाघाशी झुंजायचे मोठे शस्त्र वेईच्या वू राजाच्या नेहमीच्या वापरातले, असे त्यांच्यावर लिहिलेले आहे. 'वू' हे नाव त्याला मेल्यावर मिळाले आणि त्याच वर्षाअखेर तो 'राजा'चा 'सम्राट' झाला, म्हणजे 'वू राजा' ही अक्षरे २२० सालच्या त्या काही महिन्यांतच कोरली जाऊ शकतात. मला हा पुरावा फार देखणा वाटतो. आत साठीच्या आसपासच्या एका पुरुषाची आणि दोन स्त्रियांची हाडे होती. शांघायच्या फुदान विद्यापीठाने त्साओ आडनावाच्या घराण्यांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, त्यावरून आणखी एक वाद सुरू झाला तो वेगळाच.

थडग्यावरचे संग्रहालय एप्रिल २०२३ मध्ये उघडले. तिथे येणारे तरुण प्रेक्षक फुले तर ठेवतातच, पण त्यांच्याबरोबर डोकेदुखीच्या गोळ्याही ठेवून जातात. आयबुप्रोफेनच्या डब्यांचा ढीग पडल्याच्या बातम्या चिनी वर्तमानपत्रांत आल्या होत्या. ह्वा थ्वोचा ग्रंथ जळाला तेव्हापासून डोके दुखतच असणार, असा त्यांचा हिशेब असावा.